कागदपत्रं पाठवण्याआधी: फाईलींचा गठ्ठा करून त्याला पासवर्ड कसा लावायचा

जुलै उजाडला की आमच्या ऑफिसच्या व्हॉट्सॲप नंबरावर आधार, पॅन, फॉर्म सोळा आणि बँक स्टेटमेंटांची रीघ लागते. मी दादरला एका सीएच्या ऑफिसात काम करते, त्यामुळे हे रोज बघते. आणि हे फक्त रिटर्न भरणाऱ्यांचं नाही. मुंबईत भाड्याची जागा घ्यायची तर एजंटला कागद पाठवा, सोसायटीच्या सेक्रेटरींना पाठवा, भाडेकरूच्या पोलीस व्हेरिफिकेशनसाठी पाठवा, म्हाडाच्या लॉटरीचा फॉर्म भरून घ्यायला सायबर कॅफेवाल्याला पाठवा. तीच चार कागदपत्रं वर्षभरात कुणाकुणाच्या मोबाइलमध्ये आणि कॉम्प्युटरमध्ये जाऊन पडतात, याचा हिशेब कुणी ठेवत नाही.

‘पण व्हॉट्सॲप सुरक्षित असतं ना?’ हा प्रश्न हमखास येतो. असतं, पण वाटेपुरतं. तुमच्या फोनातून निघालेली फाईल समोरच्याच्या फोनात पोचेपर्यंत मधे कुणाला वाचता येत नाही, हे खरं. पोचल्यावर मात्र ती त्याच्या फोनात उघडी पडलेली असते. तो ती ऑफिसच्या कॉम्प्युटरवर घेतो, तिथल्या डाउनलोड्समध्ये ती राहते, कुणाला तरी फॉरवर्ड होते, पेन ड्राइव्हवर जाते. एजंटशी तुमचा संबंध अकरा महिन्यांचा, फाईल मात्र पुढची कित्येक वर्षं तिथेच. पासवर्डचा उपयोग या पडून राहण्याच्या काळासाठी आहे. गठ्ठा कुणाच्याही हाती लागला तरी उघडता येऊ नये, एवढंच त्याचं काम, आणि ते तो चोख करतो. अट एकच, तो नीट लावलेला हवा.

कधीच झिप, म्हणजे फाईलींचा एक गठ्ठा, न केलेल्या माणसालाही जमेल असं खाली लिहिलं आहे. पहिल्यांदा थोडा वेळ लागेल, पुढच्या वेळी पाच मिनिटांत होईल.

पीडीएफला आधीच पासवर्ड आहे की!

हे मला बरेच जण सांगतात. आधारची डाउनलोड केलेली पीडीएफ पासवर्ड मागते, इन्कम टॅक्सच्या पोर्टलवरची वार्षिक माहितीपत्रकाची फाईल, म्हणजे एआयएस, तीही मागते. मग वेगळं कुलूप कशाला?

आता ते पासवर्ड काय असतात बघा. ई-आधारचा पासवर्ड म्हणजे नावाची पहिली चार अक्षरं कॅपिटलमध्ये आणि पुढे जन्मवर्ष. एआयएसचा म्हणजे पॅन नंबर आणि जन्मतारीख. आणि पॅनकार्डावर काय छापलेलं असतं? नाव, जन्मतारीख आणि पॅन नंबर. म्हणजे एकाच मेलमध्ये पॅनकार्डाचा फोटो आणि या दोन पीडीएफ जोडल्या, की दोन्हींचे पासवर्ड तुम्ही स्वतःच सोबत पाठवलेत. हे पासवर्ड मुळात लोकांना लक्षात राहावेत म्हणून ठरवलेले असतात. ज्याच्याकडे तुमची बाकीची कागदपत्रं आहेत त्याच्यासमोर ते टिकत नाहीत. बँकाही स्टेटमेंटला बहुतेक वेळा अशीच काहीतरी माहिती जोडून पासवर्ड देतात. म्हणून सगळ्या फाईली एका गठ्ठ्यात घालून त्या गठ्ठ्याला तुमचा, वेगळा, कुठल्याच कागदावर न छापलेला पासवर्ड लावायचा.

जाता जाता एक गोष्ट. आधार मागणाऱ्या प्रत्येकाला पूर्ण बारा आकडे लागत नाहीत. यूआयडीएआयच्या साइटवरून मास्क्ड आधार डाउनलोड करता येतं, त्यात फक्त शेवटचे चार आकडे दिसतात. जिथे ते चालतं तिथे तेच द्या. जी माहिती पाठवलीच नाही, तिची काळजीही करावी लागत नाही.

विंडोजमध्ये असलेली सोय पुरत नाही

फोल्डरवर राइट क्लिक करून विंडोजच्या स्वतःच्या सोयीनं झिप बनवता येते. पण त्यात पासवर्ड लावायला जागाच नाही. काही जण प्रॉपर्टीजमध्ये जाऊन ‘ॲडव्हान्स्ड’खाली फाईल एन्क्रिप्ट, म्हणजे कुलूपबंद, करण्याच्या चौकोनावर टिक करतात आणि निर्धास्त होतात. ती सोय वेगळी आहे. ती तुमच्या विंडोजच्या खात्याशी बांधलेली असते, आणि फाईल मेलला जोडली की ते संरक्षण गळून पडतं. विंडोजच्या होम आवृत्तीत तर ती सोय चालतही नाही.

म्हणून वेगळा प्रोग्राम घ्यायचा. मी सेव्हन-झिप वापरते आणि तोच घ्या म्हणते. इगोर पाव्हलोव्ह या रशियन प्रोग्रामरनं १९९९ मध्ये तो आणला. पूर्ण मोफत आहे, ऑफिसात वापरायलाही पैसे पडत नाहीत, आणि जुन्यापुराण्या कॉम्प्युटरवरही चालतो. विनरार तुमच्याकडे आधीपासून असेल तर तोही चालेल, त्यातही हीच सगळी कामं होतात.

डाउनलोड फक्त मूळ साइटवरून: सेव्हन (शब्द नाही, 7 हा आकडा), मग आडवी रेघ, मग झिप, डॉट ओआरजी. गुगलवर शोधलं की वरती जाहिराती आणि नावात जरासा फरक असलेल्या साइट दिसतात, तिकडे जाऊ नका. सेव्हन-झिप आपणहून अपडेट होत नाही. दोन-तीन वर्षांपूर्वी टाकलेला असेल तर नवा उतरवून त्यावरच टाका. हे उगाच सांगत नाही. विनरारच्या ६.२३ आधीच्या आवृत्त्यांत अशी खोट होती की झिपमधला साधा फोटो उघडायला गेलं तरी आत लपवलेला घातक प्रोग्राम चालू व्हायचा. ऑगस्ट २०२३ मध्ये ती दुरुस्त झाली, पण ज्यांनी अपडेट केलं नाही त्यांच्याकडे ती तशीच आहे.

आणि ‘ऑनलाइन झिपला पासवर्ड लावून देतो’ म्हणणाऱ्या साइटवर आधार-पॅन चढवणं म्हणजे जे टाळायचं तेच करणं. तो रस्ता नकोच.

गठ्ठा बांधायचा कसा

आधी डेस्कटॉपवर एक नवं फोल्डर करा आणि पाठवायच्या फाईलींच्या प्रती त्यात ठेवा. मूळ फाईली होत्या तिथेच राहू द्या, हलवू नका. फोल्डरचं नाव साधं ठेवा, ‘कागद’ किंवा ‘गठ्ठा १’ असं. फाईलींची नावंही बघून घ्या. का ते पुढे येतं.

आता फोल्डरवर राइट क्लिक करा. विंडोज अकरामध्ये जो छोटा मेनू उघडतो त्यात सेव्हन-झिप दिसला नाही तर सगळ्यात खाली ‘शो मोअर ऑप्शन्स’ आहे, त्यावर क्लिक केलं की जुना लांबलचक मेनू येतो. त्यात सेव्हन-झिपवर जा आणि ‘ॲड टू आर्काइव्ह’ निवडा. तिथेच खाली फोल्डरच्या नावासकट ‘ॲड टू’ असे आणखी दोन पर्याय दिसतील. ते झटपट कामाचे आहेत, त्यात पासवर्ड न विचारताच गठ्ठा तयार होतो. घाईत लोक तिथेच चुकतात.

एक मोठी खिडकी उघडेल. त्यातल्या बहुतेक रकान्यांना हात लावायची गरज नाही. आपल्या कामाच्या जागा मोजक्या:

१. डावीकडे ‘आर्काइव्ह फॉरमॅट’. इथे सेव्हन-झेड (सेव्हन-झिपचा स्वतःचा गठ्ठ्याचा प्रकार) किंवा झिप निवडायचं. समोरच्याकडे सेव्हन-झिप असेल किंवा तो टाकायला तयार असेल तर सेव्हन-झेड घ्या. नसेल तर झिप.

२. उजवीकडे खाली ‘एन्क्रिप्शन’ असा कप्पा. त्यात पासवर्ड दोनदा टाइप करायचा. ‘शो पासवर्ड’ला टिक करा म्हणजे आपण काय टाइप करतोय ते दिसेल. कॅप्स लॉक चालू राहून गेलं किंवा कीबोर्ड मराठीवर राहिला तर ते इथेच कळतं. टिक केल्यावर दुसऱ्यांदा टाइप करायचा रकाना नाहीसा होतो, त्यानं गोंधळू नका.

३. त्याच्याच खाली ‘एन्क्रिप्शन मेथड’. इथे एईएस-२५६ हवं, ही कुलपाची पक्की पद्धत. सेव्हन-झेड निवडलं असेल तर तेच असतं. झिप निवडलं असेल तर मात्र इथे आपोआप ‘झिपक्रिप्टो’, म्हणजे जुनी कच्ची पद्धत, आलेलं असतं, ते बदलून एईएस-२५६ करायचं. सगळ्या लेखातली सगळ्यात जास्त विसरली जाणारी पायरी हीच.

४. सेव्हन-झेड असेल तर ‘एन्क्रिप्ट फाईल नेम्स’ असा एक चौकोन दिसतो. त्याबद्दल पुढे.

५. ‘डिलीट फाइल्स आफ्टर कॉम्प्रेशन’ला टिक करू नका. गठ्ठा नीट उघडतो की नाही हे बघितल्याशिवाय कुठलीच फाईल पुसायची नाही.

ओके म्हटलं की फोल्डरच्या शेजारी नवी फाईल तयार होते. आकार फारसा कमी झाला नाही म्हणून चुकल्यासारखं वाटून घेऊ नका. फोटो आणि स्कॅन केलेल्या पीडीएफ आधीच दाबून बसवलेल्या असतात, त्यात आणखी दबायला जागा नसते. आपल्याला इथे कुलूप हवं होतं, आकाराचं काही नव्हतं.

आता तपासा

हे न करता पाठवू नका. तयार झालेला गठ्ठा सेव्हन-झिपमध्ये उघडा, आतली एक फाईल डबल क्लिक करा. पासवर्ड मागायला हवा. मुद्दाम एकदा चुकीचा द्या, नाकारायला हवा. मग बरोबर देऊन फाईल खरंच उघडते का बघा.

नंतर त्याच खिडकीत फाईलींच्या यादीतले उजवीकडचे रकाने बघा. खिडकी मोठी करावी लागेल. एक ‘एन्क्रिप्टेड’ नावाचा आहे, त्यात प्रत्येक फाईलीसमोर अधिकचं चिन्ह हवं. प्रत्येक म्हणजे प्रत्येक. झिपमध्ये प्रत्येक फाईल स्वतंत्रपणे कुलूपबंद होते, त्यामुळे तयार झिपमध्ये नंतर एखादी फाईल ओढून टाकली आणि तिला पासवर्ड दिला नाही, तर बाकीच्या बंद आणि ती एकटी उघडी, असं होतं. ‘जरा फॉर्म सोळा राहिला होता’ म्हणून मागाहून टाकलेला कागद असाच उघडा जातो. राहिलंच काही तर सरळ नवा गठ्ठा बांधा.

दुसरा रकाना ‘मेथड’. झिपमध्ये तिथे एईएस-२५६ लिहिलेलं दिसायला हवं. सेव्हन-झेडमध्ये शेवटी ‘सेव्हन-झेड-एईएस’ आणि पुढे १९ हा आकडा दिसतो. या १९ला अर्थ आहे. दोनाचा १९वा घात म्हणजे ५,२४,२८८. तुम्ही दिलेल्या पासवर्डवरून खरी किल्ली तयार करताना सेव्हन-झेड एवढ्या वेळा तेच गणित फिरवतं. तुम्हाला एकदाच पासवर्ड द्यायचा असतो, त्यामुळे तो उशीर जाणवतही नाही. जो एकामागून एक पासवर्ड लावून बघतोय त्याला मात्र प्रत्येक खेपेला एवढं सगळं गणित करावं लागतं, आणि त्याचा वेग मार खातो. एईएसवाल्या झिपमध्येही असं गणित फिरवलं जातं, पण फक्त १,००० वेळा. दोन्हींत निवड असेल तर मी सेव्हन-झेडकडे झुकते, त्याचं कारण हे.

झिपक्रिप्टो का नको

झिप हा प्रकार फिल कॅट्झ यांच्या पीकेवेअर कंपनीनं १९८९ मध्ये आणला. पासवर्डची जुनी पद्धत त्या काळातली. १९९४ मध्ये एली बिहाम आणि पॉल कोचर यांनी ती कशी मोडते ते दाखवून दिलं. त्यांच्या पद्धतीत पासवर्ड ओळखावाच लागत नाही. गठ्ठ्यातल्या एखाद्या फाईलीतला जेमतेम डझनभर बाइटांचा, म्हणजे साधारण तेवढ्याच इंग्रजी अक्षरांएवढा, मजकूर आधीच ठाऊक असला, की कुलपाच्या आतल्या किल्ल्या काढता येतात, आणि त्याच पासवर्डनं बंद केलेल्या बाकीच्या फाईलीही उघडतात. आता समजा तुम्ही गठ्ठ्यात एखादा सरकारी साइटवरचा कोरा फॉर्म किंवा माहितीपुस्तिकेची पीडीएफ घातली. ती तर कुणालाही मिळते. म्हणजे ठाऊक मजकूर तुम्हीच दिलात. अशा वेळी पासवर्ड चाळीस अक्षरी असून उपयोग नाही.

यावर उपाय म्हणून विनझिपनं २००३ मध्ये झिपमध्ये एईएस आणलं. म्हणजे चांगली पद्धत येऊनही बरीच वर्षं झाली. तरी जुनी अजून का दाखवतात? कारण विंडोजच्या स्वतःच्या एक्सप्लोररला जुन्या पद्धतीची झिप उघडता येते, एईएसची बहुधा येत नाही. ‘तुमची फाईल खराब आहे’ असा फोन आला तर दहातली नऊ वेळा भानगड हीच असते. तेव्हा समोरच्यासाठी कुलूप ढिलं करू नका. त्याला सेव्हन-झिप टाकायला सांगा. मोफत आहे, दोन मिनिटांचं काम आहे, आणि तो तुमची कागदपत्रं हाताळणार असेल तर एवढं त्यानं करायला हवं.

नावं दिसतात

हे कळल्यावर लोक चपापतात. झिपला एईएसचा पासवर्ड लावला तरी आतल्या फाईलींची नावं पासवर्डशिवाय दिसतात. आतला मजकूर बंद, यादी उघडी. फाईलीचं नाव ‘आईचा कॅन्सर रिपोर्ट’ किंवा ‘घटस्फोट अर्ज’ असेल, तर सांगायचं ते नावानंच सांगून टाकलं. बरेच जण तर फाईलीच्या नावातच पॅन नंबर घालतात.

सेव्हन-झेडमध्ये ‘एन्क्रिप्ट फाईल नेम्स’ला टिक केली की यादीही बंद होते, उघडतानाच पासवर्ड मागतो. विनरारमध्येही रार प्रकाराला ही सोय आहे. झिपला नाही. पण त्यात एक अडचण आहे: ज्या गठ्ठ्याची यादीच वाचता येत नाही, तो जीमेल अडवतं, कारण आत काय आहे ते त्याला तपासता येत नाही. पासवर्डवाल्या गठ्ठ्याभोवती आणखी एक गठ्ठा केला तरी तो अडकतो. तेव्हा मेलनं पाठवायचं असेल तर नावं झाकू नका, ‘एक’, ‘दोन’, ‘तीन’ अशी मुकी नावं द्या. नावं झाकायचीच असतील तर गठ्ठा गुगल ड्राइव्हवर चढवून फक्त त्या माणसाच्या मेल आयडीला परवानगी द्या, किंवा व्हॉट्सॲपवर डॉक्युमेंट म्हणून पाठवा. जीमेलची मर्यादा २५ एमबीची, त्यामुळे मोठ्या गठ्ठ्याला तसंही ड्राइव्हच लागतं.

पासवर्ड कसा हवा

जन्मतारीख नको. गेल्या शंभर वर्षांतल्या सगळ्या तारखा मिळून ३६,५२५ होतात, कुठल्याही कॉम्प्युटरला त्या चुटकीसरशी लावून बघता येतात. मोबाइल नंबर नको. तो दहा आकडी असला तरी आपल्याकडे सहा ते नऊ याच आकड्यांनी सुरू होतो, म्हणजे फार तर ४०० कोटी शक्यता. ऐकायला मोठा आकडा आहे, पण जुन्या पद्धतीच्या झिपवर एक चांगलं ग्राफिक्स कार्ड सेकंदाला कोट्यवधी पासवर्ड लावून बघतं. मुलाचं नाव आणि एकदोनतीन, देवाचं नाव आणि जन्मवर्ष, राहतो त्या स्टेशनचं नाव, हे सगळं अंदाज बांधणाऱ्याच्या यादीत पहिल्या पानावर असतं. पॅन नंबर तर आतल्याच कागदांवर छापलेला, आणि तुमच्या ओळखीच्या कित्येकांना ठाऊक.

मी सांगते तो उपाय सोपा आहे. एखादा मराठी शब्दकोश किंवा जाड पुस्तक घ्या, डोळे मिटून चार वेळा उघडा, बोट पडेल तो शब्द घ्या. एकमेकांशी संबंध नसलेले चार शब्द, मधे आडवी रेघ. पाच हजार शब्दांतून असे चार उचलले तर सव्वासहा कोटी कोटी जोड्या होतात. चार शब्द लक्षात ठेवायलाही बरे, फोनवर सांगायलाही बरे. मात्र शब्द ‘सुचू’ देऊ नका. माणसाला सुचतं ते आई, घर, पाऊस, चहा असंच सुचतं. पुस्तकालाच निवडू द्या.

शब्द लिहायचे रोमन लिपीत, सगळे छोट्या अक्षरांत. झिपसाठी सेव्हन-झिप देवनागरी पासवर्ड घेतच नाही, इंग्रजी अक्षरं, आकडे आणि विशेष चिन्हंच वापरा म्हणून सांगतो. सेव्हन-झेड देवनागरी घेतं, पण समोरच्याच्या फोनवर तो तसाच्या तसा टाइप होईल याचा भरवसा नाही.

रोमनमध्ये लिहिताना आपल्या भाषेची एक खास अडचण येते. एकच शब्द चार जण चार प्रकारे लिहितात. गेल्या हंगामात गिरगावातल्या एका काकूंनी फाईल पाठवली आणि फोनवर पासवर्ड सांगितला. त्यात ‘तवा’ होता. मी टाइप केला, उघडेना. परत केला, उघडेना.

‘काकू, तवा कसा लिहिलाय? व्ही घातलाय की डब्ल्यू?’

‘विरारचा नाही गं, वडाळ्याचा.’

उघडली. तेव्हापासून मी सगळ्यांना सांगते, स्टेशनं वापरा. बी बोरिवलीचा, डी दादरचा, के कुर्ल्याचा, टी ठाण्याचा, व्ही विरारचा, डब्ल्यू वडाळ्याचा. मुंबईच्या माणसाला त्यात चूक होत नाही. आणि शब्द निवडतानाच ळ, ढ, व असलेले किंवा मधे दीर्घ आकार येणारे टाळले तर बरंच. पतंग, मका, नदी असे शब्द सगळे एकसारखेच लिहितात. (हेच तीन घेऊ नका, आता ते इथे छापले गेले.)

पासवर्ड पोचवायचा कसा

सगळं चोख करून लोक शेवटी व्हॉट्सॲपवर फाईल टाकतात आणि खाली लगेच लिहितात, ‘पासवर्ड अमुक’. हे म्हणजे कुलूप लावून किल्ली त्याच कडीला अडकवणं. तो मेल किंवा ते चॅट ज्याच्या हाती पडेल, त्याच्या हाती दोन्ही पडतं.

फाईल एका वाटेनं, पासवर्ड दुसऱ्या. फाईल मेलनं गेली तर पासवर्ड फोन करून सांगा. फोन उत्तम, कारण तो कुठे लिहिलेला राहत नाही, आणि समोरून बोलणारा माणूस तोच आहे याचीही खात्री होते. फोन जमत नसेल तर एसएमएस. फाईलीच्या नावात पासवर्ड नको, मेलच्या विषयात नको, ‘पासवर्ड म्हणजे तुमचा नेहमीचा’ असंही नको. आणि कृपा करून लोकलमध्ये उभ्याउभ्या मोठ्यानं सांगू नका, स्टेशनांच्या नावासकट तर मुळीच नाही. उतरून सांगा.

ज्यांच्याशी वर्षानुवर्षं काम आहे, जसं तुमचा सीए किंवा वकील, त्यांच्याशी प्रत्यक्ष भेटीत एक पासवर्ड ठरवून ठेवा आणि वर्षाला बदला. पण तोच पासवर्ड एजंटला देऊ नका. ज्याला द्यायचा त्याच्यासाठी वेगळा.

तुमच्याकडे तो कुठे ठेवायचा? बिटवॉर्डन किंवा कीपास असा पासवर्ड सांभाळणारा प्रोग्राम वापरत असाल तर त्यात. नसाल तर घरातल्या वहीत लिहून कपाटात ठेवला तरी माझी हरकत नाही. मात्र लिहा. हे कुलूप विसरलेल्याला परत मिळत नाही. इथे ‘फरगॉट पासवर्ड’चं बटण नाही, ओटीपी येत नाही, सेव्हन-झिप बनवणाऱ्यालाही तो उघडता येणार नाही. लॅमिंग्टन रोडच्या कॉम्प्युटर बाजारात कुणी ‘काढून देतो’ म्हणाला तर तो एकच करू शकतो: अंदाजानं पासवर्ड लावून बघत राहणं. पासवर्ड कच्चा असेल तर त्याला मिळेल, पक्का असेल तर नाही, आणि दोन्ही वेळा तुमची कागदपत्रं त्याच्याकडे राहतील. म्हणून ज्या कागदाची एकच प्रत आहे, ती नुसत्या पासवर्डच्या गठ्ठ्यात कधीच ठेवू नका.

मॅक आणि मोबाइल

मॅकवर केका हा प्रोग्राम घ्या, त्यात सेव्हन-झेड निवडा, पासवर्ड टाका आणि फाईली खिडकीवर ओढून सोडा. मॅकच्या टर्मिनलमधून झिपला पासवर्ड लावता येतो, पण तो जुन्या पद्धतीचा असतो.

अँड्रॉइडवर झेडआर्कायव्हर चांगलं आहे. फाईली निवडून कॉम्प्रेस म्हणायचं, प्रकार सेव्हन-झेड घ्यायचा म्हणजे पद्धतीचा प्रश्नच उरत नाही, पासवर्ड द्यायचा. समोरच्याकडे कॉम्प्युटर नसेल तर तो याच ॲपमध्ये उघडू शकतो.

झेरॉक्सच्या दुकानात पासवर्ड कामाचा नाही

स्टेशनबाहेरच्या एका दुकानात प्रिंट काढायला गेले होते. दुकानातल्या मुलानं डाउनलोड्स उघडलं आणि माझी फाईल शोधायला खाली-खाली जात राहिला. पडद्यावर अनोळखी लोकांची आधारकार्डं, पगाराच्या स्लिपा, एका मुलीचा बायोडेटा फोटोसकट. माझी फाईल सापडेपर्यंत माझ्यासकट रांगेतल्या सगळ्यांनी ते बघितलं.

तिथे पासवर्डवाला गठ्ठा नेऊन फायदा नाही, कारण प्रिंटसाठी तो तिथेच उघडावा लागतो आणि उघडलेली प्रत त्या कॉम्प्युटरवर राहते. सेव्हन-झिपमधून नुसती डबल क्लिक करून बघितली तरी ती फाईल तात्पुरत्या फोल्डरमध्ये उतरते, आणि ती तिथून जाईलच असं नाही. अशा जागी फक्त प्रिंटपुरती एक फाईल न्या, जमलं तर मास्क्ड आधार न्या, आणि काम झाल्यावर दुकानदाराला ती तुमच्यासमोर शिफ्ट दाबून डिलीट करायला सांगा. सांगायला संकोच वाटू देऊ नका. बहुतेक जण लगेच करतात.

स्वतःच्या कॉम्प्युटरवरही तेच. गठ्ठा पोचला, उघडला असा निरोप आला की डेस्कटॉपवर केलेलं ते प्रतींचं फोल्डर पुसा आणि रिसायकल बिन रिकामा करा.

उघडत नसेल तर

समोरून ‘होत नाही’ असा फोन आला तर या क्रमानं विचारा. कशानं उघडताय? विंडोजच्याच एक्सप्लोररनं असेल तर सेव्हन-झिप टाका. पासवर्ड कॉपी-पेस्ट केलाय का? पुढे-मागे एखादी रिकामी जागा चिकटून येते, ती सहज दिसत नाही. हातानं टाइप करा. मोबाइलचा कीबोर्ड पहिलं अक्षर आपोआप कॅपिटल करतोय का? हे फार वेळा असतं. आडवी रेघ साधी आहे की फोननं तिची लांब रेघ केली? कीबोर्ड मराठीवर आहे का? विंडोजची कळ आणि स्पेस एकत्र दाबली की भाषा बदलते.

एवढं करूनही ‘डेटा एरर’ आणि पुढे ‘राँग पासवर्ड’ प्रश्नचिन्हासकट येत असेल, तर ते प्रश्नचिन्ह गंभीरपणे घ्या. पासवर्ड चुकीचा आहे की फाईल अर्धवट उतरली आहे, हे प्रोग्रामला प्रत्येक वेळी नक्की सांगता येत नाही. दोघांनी फाईलीचा आकार वाचून दाखवा. आकडा जुळला नाही तर पासवर्डमागे न लागता फाईल पुन्हा पाठवा.